डोंगराचा वाटा

मी थापा मारतो हे येडशीत लपून राहिलेलं नाही. स्टेशनावरच्या चहावाल्याला विचारा, नाहीतर आमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारा. दोघं सारखंच सांगतील आणि दोघंही हसत सांगतील. अम्मीच्या दालच्याच्या वासानं एकदा आख्खी मालगाडी सिग्नल मोकळा असताना थांबली होती, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता त्या ड्रायव्हरचं गाव कुठलं, त्याला लेकरं किती, हेसुद्धा मला तोंडपाठ झालंय. आमच्या बँडातल्या धोंडीमामांनी आपला मोठा पितळी बास फुंकला आणि शेजाऱ्याची तीन वर्षं भाकड म्हैस जागच्या जागी पान्हावली, हीही थाप माझीच. मामा मात्र मरेपर्यंत ती खरी धरून चालले. तर असला माणूस मी. म्हणूनच हे प्रकरण लिहायचं मी आजवर टाळत आलो. बाकी काहीही सांगताना माझा हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडं जातो. ही गोष्ट सांगताना तो जात नाही. उलट झालं त्यातलं थोडं वगळूनच सांगतो, कारण सगळं सांगायला बसलो की मलाच मागं वळून बघावंसं वाटतं.

आमचं घर म्हणजे बँड, आणि बँड म्हणजे आमचं घर. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. लोकांच्या पडवीत कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात, आमच्याकडं खिळ्याखिळ्याला कारनेट, ट्रॉम्बोन, झांजा. कोपऱ्यात धोंडीमामांचा बास, पितळेच्या अजगरासारखा वेटोळं घालून बसलेला. त्यात एका पावसाळ्यात मांजर व्याली होती, आणि ही थाप नाही. लग्नसराई जवळ आली की अम्मी चिंचेचा कोळ आणि राख काढायची आणि सगळं पितळ घासायला आम्हाला बसवायची. चिंचेचा तो आंबूस वास, चुलीवर भाजणाऱ्या शेंगदाण्यांचा वास आणि त्यावर अब्बांच्या क्लारनेटचा लांब धरलेला एकच सूर, अशी आमची सकाळ व्हायची. घरात आम्ही दखनी बोलायचो, बँडच्या माणसांशी मराठी, आणि अम्मी दोन्हींतून रागवायची. तिनं आयुष्यात वाद्याला हात लावला नाही, पण भाकरी थापता थापता आतूनच ओरडायची, "धोंडीभाऊ, उतरताय! सूर उतरतोय तुमचा!" आणि मामा काठवटीकडं बघून जीभ चावायचे. तिच्या भाकरीच्या थापटण्यावर आम्ही अख्खा बँड लयीत ठेवायचो. मी बारा वर्षांचा होईपर्यंत मला वाटायचं, जगातल्या सगळ्या बँडना एक भाकरी थापणारी बाई लागतेच.

अब्बा बँडमास्तर. सोलापूर रस्त्याला आणि लातूरकडं त्यांच्यासारखी क्लारनेट कुणाची नव्हती. त्यांचा सूर ओला असायचा. लाकडातून नाही, पाण्यातून आल्यासारखा. पण त्यांना एक खोड होती. आपली पाळी यायच्या अर्धी मात्रा आधीच ते शिरायचे. आधीच्या माणसाचा सूर संपलेला नसायचा आणि अब्बा हजर. जेवायलाही तसेच, ताट वाढून व्हायच्या आत पहिला घास तोंडात. धोंडीमामा म्हणायचे, "मास्तर, तुमी निकाहला बी काजीच्या आधीच कबूल म्हणला आसाल." अब्बा हसून म्हणायचे, "म्हटलंच होतं. पळून जाईल वाटलं मला." आतून अम्मीच्या भाकरीचा एक आवाज जरा मोठा यायचा.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांचा होतो आणि जगातलं सगळं संगीत मला कळतं अशी माझी पक्की समजूत होती. गावोगाव कॅसेटची दुकानं निघाली होती. कुठलं सिनेमाचं गाणं आलं की आठ दिवसांत प्रत्येक बँड तेच वाजवायचा. आमची माणसं कुरकुर करायला लागली होती, दोघं तर दुसऱ्या पार्टीत जायची भाषा करत होते. अशात उमरग्याच्या एका लग्नाचं आवतण आलं. नवरदेवाकडून आम्ही आणि नवरीकडून सीमेपलीकडचा एक नवा बँड. त्यांच्याकडं चार सॅक्सोफोन आणि कोटाला झालरी. भर बाजारपेठेत दोन बँड समोरासमोर येणार, म्हणजे सामना होणारच. त्या आठवड्यात अब्बांनी क्लारनेटच्या तोंडाची वेताची पत्ती तीन वेळा बदलली. एक पत्ती ते एरवी महिनाभर पुरवायचे. माणसं गेली असती तर बँड गेला असता, आणि बँड गेला असता तर अब्बांना दुसरं काही येत नव्हतं. हे मला पत्तीवरून कळलं.

मी म्हणालो, "अब्बा, आपण डोंगराची गाणी वाजवू."

डोंगराची गाणी म्हणजे ठकूमावशीची गाणी. ठकूमावशी मेंढरं घेऊन रामलिंगाच्या देवळापलीकडच्या घळीत असायची. वय विचारलं तर म्हणायची, "कड्याला इचार, त्यो माझ्यापरीस थोरला हाय." उभ्या उन्हात ती एका कपारीशी बसायची आणि समोरच्या कड्याकडं तोंड करून गायची. मी शाळेची वही घेऊन जायचो आणि तिची चाल सरगममध्ये उतरवून घ्यायचो. तिचं गाणं दोन दोन ओळींचं, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी डोंगराला प्रश्न.

खिंड ओलांडली बाई, मेंढरं गेली पुढं
एक कोकरू मागं ऱ्हायलं, सांग रं डोंगरा कुठं?

वारा सुटला कड्यावर, पदर न्हाई ठरत
दादला गेला पाण्याला, सांग रं कवा परत?

प्रश्न झाला की ती थांबायची. मी बोटांवर मोजलं, बरोबर आठ मात्रा. समोरून कडा तिचेच शेवटचे शब्द परत द्यायचा, "कुठं... कुठं..." आणि मग ती पुढचं कडवं घ्यायची. मला वाटलं, आवाज घुमतो म्हणून थांबते. पण एकदा येडशीच्या बाजारात ती लोकर विकायला आली होती, बायांनी आग्रह केला म्हणून तिथं गायली. तिथं कसला डोंगर? तरी प्रश्न झाल्यावर ती आठ मात्रा गप्प. डोळे मिटून, मान जराशी कलती करून. सगळा बाजार थांबल्यासारखा वाटला मला.

"मावशी, इथं तर कुणीच उत्तर देत नाही. मग कशाला थांबता?"

"त्यो त्याचा वाटा हाय," ती म्हणाली. "इचारल्यावर मानूस थांबतो का न्हाय? तुला ऐकू यायना म्हणून त्यो बोलंना झाला व्हय?"

मी हे वहीत लिहून घेतलं. लिहून घेतलं, एवढंच.

गाणं बँडला बसवायला मी पंधरा दिवस लावले. अकरा माणसं. कारनेटला मेंढपाळाची हाळी दिली, साईड ढोलाला खुरांची टपटप, ट्रॉम्बोनला वारा, आणि धोंडीमामांच्या बासला अख्खी घळ. ते इतकं झकास बसलं की पडवीचे पत्रे कुरकुरायचे. पण कडव्यानंतरच्या त्या आठ मात्रांचं काय करायचं कळेना. तालमीत सगळे वाजवता वाजवता थांबले की ती शांतता नुसती शांतता राहायची नाही. पहिल्या दिवशी त्यात मामा शिंकले. दुसऱ्या दिवशी कुत्रं भुंकलं. तिसऱ्या दिवशी काहीच झालं नाही, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. आठ मात्रा आम्ही अकरा जण एकमेकांकडं न बघता बसून राहिलो, आणि मला वाटलं की पडवीत आम्ही बारा आहोत.

"वरातीत आठ मात्रा गप बसलो तर लोक म्हणतील, बँडवाले जेवायला गेले," अब्बा म्हणाले. "घोडं बिथरंल ते येगळंच," मामा म्हणाले. मला तेच ऐकायचं होतं. त्या दुपारी मी त्या आठ मात्रांत क्लारनेटचा एक तुकडा बसवला. एका दमात सुचला, जणू कुणी सांगत होतं आणि मी उतरवून घेत होतो. खालून वर चढत जाणारा, कड्याच्या टोकाशी क्षणभर रेंगाळणारा, आणि मग पाण्यासारखा खाली सुटणारा. अब्बांनी तो पहिल्यांदा वाजवला तेव्हा आतलं भाकरीचं थापटणं थांबलं. अम्मी पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली. तिनं मला शाबासकी दिली नाही. ती म्हणाली, "इतकं चांगलं तू केलंस?" आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

दुसऱ्याच दिवशी ठकूमावशी दारात उभी. रस्त्यानं जाताना ऐकलं असणार. मेंढरं बाहेर, पण एकही बें करत नव्हतं.

"ए पिपाणीवाल्या," ती म्हणाली, "मधी काय घुसिवलंस?"

मी छाती काढून म्हणालो, "रिकामी जागा होती मावशी. भरली."

"रिकामी?" ती हसली नाही. "दुसऱ्याचं ताट हुतं त्ये. जेवायला आला न्हवता म्हून तू बसलास व्हय?" मग अब्बांकडं वळून, जरा मऊ आवाजात, "मास्तर, वाजवतो कोन त्ये? तुमी? मंग तुमाला सांगते. त्याचा वाटा खाल्ला तर त्यो वरडत न्हाय, मारत न्हाय. त्याचं त्यो घेऊन जातो."

अब्बांनी तिला पाणी दिलं, चहा दिला, अम्मीनं गूळ-शेंगदाणे बांधून दिले. ती गेल्यावर मामा म्हणाले, "मास्तर, म्हातारी बोलली ते मला लई लागलं. काढून टाकू तुकडा." अब्बा माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरानं पहिल्यांदा काहीतरी केलंय, धोंडीभाऊ." हे वाक्य मी आजही जसंच्या तसं ऐकू शकतो. त्यांनी तुकडा माझ्यासाठी ठेवला. सामन्यासाठी नाही.

उमरग्याला निघायच्या दोन दिवस आधीची दुपार. अब्बा पडवीत घोंगड्यावर झोपले होते, क्लारनेट पेटीत, पेटी माझ्या उशाशी. मी जागा होतो. अम्मी आत तव्यापाशी. अचानक तिनं तवा खाली उतरवला, त्याचा आवाज झाला, आणि मग तिचा दबका आवाज आला, "इब्बू, कोन बजा रा रे?"

मी ऐकलं. लांबून, डोंगराच्या बाजूनं, माझा तुकडा येत होता. बारीक, पण एकेक सूर स्वच्छ. वर चढला, टोकाशी रेंगाळला, खाली सुटला. आठ मात्रा. मग काही नाही. कडुलिंबावरचे कावळे सगळे एकाच दिशेला तोंड करून बसले होते. मी पेटी उघडून बघितली. क्लारनेट आत होती. पत्ती ओली होती.

आता वाचणारा म्हणेल, इब्राहिमभाईंनी मसाला टाकला. म्हणू दे. मी फक्त सांगतो की अब्बांनी सकाळपासून क्लारनेट हातात घेतली नव्हती आणि वैशाखाच्या त्या उन्हात धुतलेली चादर अर्ध्या घटकेत खडखडीत वाळायची.

उमरगा म्हणजे सपाट गाव. बालाघाटाचा शेवटचा दगड तिथून इतका लांब की आमच्या टेम्पोत माझ्या दोन झोपा झाल्या. लग्नाची वेळ भर दुपारची. हमरस्त्यावर ट्रक उभे, क्लीनर टपावर चढून बघतायत, आणि बाजारपेठेत दोन बँड समोरासमोर. त्यांच्या चार सॅक्सोफोननी सिनेमाची गाणी अशी काही फुंकली की लोकांनी शिट्ट्यांनी गाव डोक्यावर घेतलं. मग अब्बांनी हात वर केला आणि आम्ही डोंगराचं गाणं उचललं. साईड ढोलाची खुरं सुरू झाली तशी गर्दी हळूहळू गप्प झाली. म्हाताऱ्या बाया पुढं सरकल्या, त्यांना चाल ओळखीची वाटत होती. पहिलं कडवं संपलं, अब्बा नेहमीप्रमाणे अर्धी मात्रा आधी शिरले आणि तुकडा असा वाजवला की पलीकडच्या सॅक्सोफोनवाल्यांनी आपापली वाद्यं खाली घेतली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो.

दुसरं कडवं. सांग रं कवा परत. अब्बांनी दम घेतला, गाल फुगले, बोटं भोकांवरून धावायला लागली. क्लारनेटमधून काहीच आलं नाही. फुंक जात होती, मला तिची नुसती हवा ऐकू येत होती, सुईच्या नाकातून गेल्यासारखी. आणि तुकडा वाजत होता. लांबून. बाजारपेठेच्या वरून, ट्रकांच्या वरून, जिथं रिकामं आकाश आणि काळी सपाट रानं होती तिथून. अब्बांचाच ओला सूर, एकेका बोटाशी जुळणारा. बोट उचललं की तिकडं सूर बदलायचा. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. त्यांना वाटलं आम्ही कुणाला तरी लांब गच्चीवर बसवलाय, काय युक्ती केली मास्तरांनी! पलीकडच्या बँडचा मास्तर येऊन अब्बांच्या पाया पडला. अब्बांनी त्याला उठवलं. धोंडीमामा बासच्या आडून मला म्हणाले, "इब्बू, पोरा, हितं डोंगर न्हाय रे. हितं डोंगरच न्हाय."

त्या दिवसापासून अब्बांची क्लारनेट बोलेना. पत्त्या बदलल्या, पट्ट्या तपासल्या, सोलापूरच्या कारागिरानं सांधे उघडून पाहिले. वाद्यात काही नव्हतं. मी वाजवली की वाजायची, कारागिरानं वाजवली की वाजायची. अब्बांनी ओठ लावले की फक्त फुंक. दुसरी क्लारनेट मागून आणली, तीच गत. बाजारातल्या पिपाणीनंही त्यांना दाद दिली नाही. सकाळी घरात तो लांब सूर नाही म्हटल्यावर अम्मीच्या भाकरीची लय बिघडली. भाकऱ्या एका बाजूला जाड व्हायला लागल्या. मीच तुकडा बसवला होता, आणि अब्बा मला एका शब्दानं बोलत नव्हते, हे सगळ्यांत जड जात होतं. मात्र रोज दुपारी, कावळे गप्प झाले की, डोंगराच्या बाजूनं आठ मात्रा यायच्या, आणि अब्बा घोंगड्यावर उठून बसायचे.

नवव्या दिवशी मी घळीत जाऊन ठकूमावशीच्या पाया पडलो. ती म्हणाली, "सगळी पार्टी घेऊन ये. उनात ये. त्याचा वाटा सोडून वाजवा. मंग मास्तरांनी उभं ऱ्हावं आन तीनदा आपलं नाव घेऊन म्हणावं, माझं मला दे. देतो त्यो. माझ्या सासऱ्याला पल्याडच्या घळीतल्या कड्यानं दिल्यालं हाय, तवापासनं त्यो मुका. पर दिलं की त्यो पुन्ना कुणाशी बोलायचा न्हाय, एवढं धेनात ठेव."

"तुमच्याशी पण नाही?"

"म्या काय, म्हातारी. माझं इचारून झालंय," ती म्हणाली, पण कड्याकडं बघून म्हणाली.

अब्बा म्हणाले, तालीम नाही ही, कोट घालून जायचं. मग काय, भर दुपारी लाल कोट, पिवळ्या झालरी, पितळ खांद्यावर, असे आम्ही अकरा बँडवाले रामलिंगाच्या पायऱ्या ओलांडून घळीत उतरलो. मामांनी बास अंगात घालून नेला. तापलेल्या पितळेनं त्यांच्या मानेवर चट्टा उठला तो शेवटपर्यंत राहिला. माकडं दगडांवर बसलेली होती. एरवी ही जात आमच्या पिशव्या ओढते. त्या दिवशी एकही हललं नाही. सगळी कड्याकडं तोंड करून बसलेली, नमाजाला बसल्यासारखी.

क्लारनेट माझ्या हातात होती, कारण ती आता माझ्याकडंच बोलायची. पहिलं कडवं वाजवलं आणि थांबलो. काहीच आलं नाही. आमचा सगळ्यांचा आवाज त्या कड्यावर आपटला आणि परत आला नाही. साधा घुमारासुद्धा नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाणी वाजूच नये तसं. आठ मात्रा मी छातीचे ठोके मोजले. दुसरं कडवं. सांग रं कवा परत, आणि माझा शेवटचा सूर अजून हवेत होता तोच समोरून तुकडा आला. अर्धी मात्रा आधी.

तेवढ्या भीतीतही धोंडीमामांच्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, तिथंबी घाईच!"

तुकडा या वेळी आठ मात्रांवर थांबला नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आणि पुन्हा. मावशीनं अब्बांना खूण केली. अब्बा पुढं झाले, टोपी सारखी केली आणि मोठ्यानं आपलं नाव घेतलं. "माझं मला दे." वरचा सूर किंचित हलला, दिव्याची ज्योत हलते तसा. दुसऱ्यांदा नाव घेतलं. सूर खाली आला, जवळ आला, इतका जवळ की माझ्या हातातल्या क्लारनेटचं लाकूड थरथरायला लागलं. तिसऱ्यांदा अब्बांनी दम घेतला. आणि तसेच उभे राहिले. तोंड उघडं, मान जराशी कलती. मी हळूच म्हणालो, "अब्बा, म्हणा. म्हणा ना." त्यांनी हातानं मला गप्प केलं. ते ऐकत होते.

"इब्बू," बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "चाळीस वर्षं फुंकतोय मी. मी मला कधी ऐकलंच नाही रे. फुंकणाऱ्याला कानात फक्त आपला दम ऐकू येतो." मग हसले. "चांगला वाजवतो की हा माणूस." मावशी म्हणाली, "मास्तर, येळ जातीय. नाव घ्या." अब्बांनी मान हलवली. "माझा दम किती दिवस पुरायचा, ठकूबाई? त्याचा बघा. राहू दे त्याच्याकडं. पोरानं केलेला तुकडा आहे, नीट सांभाळंल." आणि त्यांनी तोंड मिटलं. सूर हळूहळू वर गेला, कड्याच्या टोकाशी नेहमीसारखा रेंगाळला आणि सुटला. मग पहिल्यांदा माकडं हलली. मावशीनं पदरानं डोळे पुसले. ते अब्बांसाठी होतं का, तिचा कडा बोलता राहिला म्हणून होतं, हे मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर क्लारनेट माझ्याकडं आली आणि अब्बा झांजा वाजवायला लागले. झांजांतही अर्धी मात्रा आधी. डोंगराचं गाणं आम्ही पुढं शेकडो लग्नांत वाजवलं, मुरुमपासून येडशीपर्यंत, पण वाटा सोडून. भर वरातीत अकरा जण आठ मात्रा गप्प. लोक आधी हसायचे, मग त्यांचं हसू अर्ध्यात थांबायचं, आणि घोडं कधीच बिथरलं नाही. अब्बा गेले त्याला खूप वर्षं झाली. अम्मी त्यांच्यामागं बरीच जगली. दुपारी भाकऱ्या करताना तिचा हात मध्येच थांबायचा, आठ मात्रा, आणि मग पुन्हा सुरू व्हायचा. सुनांना वाटायचं, म्हातारीला धाप लागते. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

आता आमच्या पडवीत खिळे आहेत, त्यावर काही टांगलेलं नाही. लग्नाला डीजे येतो, पोरं त्याच्या स्पीकरांच्या भिंतीपुढं नाचतात आणि काचा फुटतात. घळीत वनखात्याची पाटी लागलीय, हॉर्न वाजवू नये. गेल्या उन्हाळ्यात मी क्लारनेटची पेटी घेऊन निघालो तेव्हा तिथल्या गार्डाला विचारलं, ही हॉर्नात येते का? तो म्हणाला, "बाबा, तुमचं काय न्हाय. पर तिकडं आधीच कुणीतरी वाजवत असतंय दुपारी. तुमचंच मानूस का?" मी म्हणालो, "व्हय, आमचंच."

ठकूमावशीच्या कपारीशी बसलो. दम आता माझाही पुरत नाही, एका कडव्याला दोनदा थांबलो. शेवटचा सूर संपायच्या आधीच समोरून अब्बा शिरले. इतक्या वर्षांत घाई काही कमी नाही. आणि मला काय झालं कोण जाणे. सगळं माहीत असून, मोजून, समजून, मी क्लारनेट ओठाला लावली आणि त्या आठ मात्रांत त्यांच्या बरोबरीनं तुकडा वाजवला. बाप-लेकानं एकत्र क्लारनेट वाजवली असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. घरात एकच चांगली क्लारनेट होती, दोघांना एका वेळी कशी मिळणार? टोकाशी आम्ही दोघं रेंगाळलो, मी त्यांच्याहून अंमळ जास्त. खाली सोबत सुटलो.

घरी आल्यावर घाबरत घाबरत क्लारनेट काढली. वाजली. तेव्हापासून रोज सकाळी चहाच्या आधी मी तीच एक गोष्ट करतो, एक लांब सूर धरतो. सुनबाई म्हणते, या वयात रियाज कशाला. डोंगराला घाई नाही, घाई अब्बांना असते. मात्र परवा दुपारी कडुलिंबावरचे कावळे गप्प झाले, डोंगराच्या बाजूनं तुकडा आला, आणि मी नीट कान दिला तर त्यात सूर दोन होते. एक अर्धी मात्रा आधी शिरणारा. दुसरा टोकाशी अंमळ जास्त रेंगाळणारा.

आज सकाळी क्लारनेट ओठाला लावली. सूर निघाला, पण उशिरा. आधी बराच वेळ नुसती फुंक गेली.